डोंगर आधी, रूळ मागाहून

घरातल्या एखाद्या खोलीत लाकडी चौकटीवर रूळ मांडून त्यांवर प्रमाणबद्ध छोट्या गाड्या चालवणे हा लघुरेल्वेचा छंद होय, आणि अशा संपूर्ण रचनेला हौशी लोकांच्या बोलीत ‘लेआउट’ म्हणतात. या लेआउटवर डोंगर, दऱ्या, ओढे, झाडे, गवत, वस्ती आणि पाठीमागचे आकाश असे जे जे उभे केले जाते, त्या सगळ्यासाठी येथे ‘भूदृश्य’ हा शब्द वापरला आहे. या भूदृश्याविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की त्याला कोणी मत मानीनासे झाले आहे. खरी लघुरेल्वे म्हणजे इंजिन, रूळ, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे आणि वीजजोडणी. ती सुरळीत चालू लागली की उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशांत भूदृश्य करावे, आणि ते राहून गेले तरी फारसे बिघडत नाही, कारण शेवटी ती सजावट आहे, असे हे मत आहे. ते चुकीचे आहे, आणि ज्यांना रेल्वेविषयी मनापासून आस्था आहे अशाच लोकांनी ते उचलून धरावे ही त्यातली सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

या मताचे मूळ कार्यकारणाच्या उलटापालटीत आहे. खऱ्या जगात रूळ आधी येत नाहीत आणि डोंगर मागाहून त्यांच्याभोवती रचला जात नाही. जमीन आधी असते आणि रुळाचे प्रत्येक वळण, प्रत्येक चढ, प्रत्येक मोरी ही त्या जमिनीने विचारलेल्या प्रश्नाला अभियंत्याने दिलेले उत्तर असते. पुणे-मुंबई मार्गावरचा भोर घाट हे याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये काम सुरू झालेली आणि १८६३ मध्ये वाहतुकीला खुली झालेली ही चढण सुमारे २५ किलोमीटर लांब होती. तेवढ्या अंतरात गाडीला १,८३१ फूट वर चढावे लागे, सर्वांत कठीण ठिकाणी चढ ३७ फुटांत १ फूट इतका होता, आणि वाटेत २५ बोगदे होते. खंडाळ्याच्या खाली डोंगराच्या सोंडेच्या टोकाशी रूळ सलग वळवायला जागाच नव्हती, म्हणून तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ करण्यात आले. म्हणजे गाडी टोकापर्यंत येई, थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ही कसरत थांबली. आता कोणी हौशी माणूस सपाट फळीवर हेच रिव्हर्सिंग स्टेशन रूळ आणि सांध्यांसह बिनचूक मांडील, पण खालची दरी आणि वरचा कडा दाखवणार नाही, तर पाहणाऱ्याला एक अकारण मागेपुढे करणारी गाडी दिसेल. त्या गाडीला अर्थ देणारी सोंडच तेथे नसेल. ज्याला ‘सजावट’ म्हणून बाजूला ठेवले, तेच या स्टेशनाच्या अस्तित्वाचे एकमेव कारण होते.

यावर यंत्रपक्षाचे, म्हणजे इंजिन आणि रूळ यांनाच खरी लघुरेल्वे मानणाऱ्यांचे, उत्तर ठरलेले असते. यंत्र मोजता येते, रूळ मोजता येतात, भूदृश्य मात्र कधीच प्रमाणात येत नाही. २५ किलोमीटरचा घाट घरात मावत नाही, म्हणून डोंगर हे निव्वळ सोंग असून इंजिन तेवढे खरे, असा हा युक्तिवाद आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे, कारण आकडे बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूने बोलतात. एचओ या जगभर प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते. भोर घाटाची लांबी या प्रमाणात सुमारे २९० मीटर आणि उंची साडेसहा मीटरच्या आसपास होते, आणि घराच्या छताची उंची तीन मीटरच्या पलीकडे क्वचितच जाते, हे खरेच. परंतु हीच पट्टी रुळांना लावली तर काय दिसते? एचओच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि ते १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी रेल्वेमार्गाचे प्रमाण आहे. भारतातील ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे तो प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर भरायला हवा. म्हणजे भारतीय गाडी एचओच्या रुळांवर चढवली की ती पहिल्याच क्षणी अरुंद मार्गावर चालू लागते. वळणांची गोष्ट याहून वाईट आहे. घरगुती लेआउटवर सर्रास वापरले जाणारे ४५७ मिलिमीटर, म्हणजे १८ इंच त्रिज्येचे वळण मूळ मापात अवघ्या ४० मीटरच्या त्रिज्येचे होते, तर भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण चालत नाही आणि ते प्रमाणात करायचे तर त्रिज्याच दोन मीटर धरावी लागेल. चोवीस डब्यांची मेल गाडी, प्रत्येक डबा सुमारे २२.३ मीटर धरून, प्रमाणात सहा मीटरहून लांब होते. घरोघरी ती पाच-सहा डब्यांवर भागवली जाते.

यात हौशी लोकांचा दोष नाही. घराच्या भिंती कोणालाच सरकवता येत नाहीत. मात्र एवढे तडजोडीचे रूळ मांडणाऱ्याने भूदृश्याला सोंग म्हणावे हे न्यायाला धरून नाही. निवडक संक्षेप, म्हणजे मूळ जागेतील ओळख पटवणाऱ्या गोष्टी ठेवून मधले अंतर गाळणे, हे दोन्हीकडे सारखेच करावे लागते, आणि त्या कामात भूदृश्य रुळांपेक्षा कितीतरी प्रामाणिक राहू शकते. चाळीस मीटर त्रिज्येचे वळण डोळ्यांसमोर उघडे ठेवले तर ते खेळणे दिसते. तेच वळण कटिंगमध्ये शिरले, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या खाचेतून गेले आणि त्याचा मधला भाग कड्याआड राहिला, की पाहणाऱ्याचे मन उरलेला भाग खऱ्या रेल्वेच्या मापाने पुरा करते. रुळांचे खोटेपण झाकण्याचे काम भूदृश्य करते, आणि तेही फसवणूक न करता, कारण घाटातली गाडी खरोखरीच एका नजरेत पूर्ण दिसत नाही.

‘आधी रूळ, मग डोंगर’ या क्रमाचा सर्वांत मोठा तोटा सुतारकामात दिसतो. प्लायवूडची सपाट फळी टाकून तिच्यावर रूळ ठोकले की जमिनीची सर्वांत खालची पातळी कायमची ठरून जाते; त्यानंतर जमीन फक्त वर जाऊ शकते, रुळाच्या खाली उतरू शकत नाही. म्हणूनच असंख्य घरगुती लेआउटवर एकच दृश्य दिसते: मैदानासारख्या पृष्ठभागावर मधेच उगवलेली एक टेकडी, आणि गाडीला तिला वळसा घालून जायला ऐसपैस जागा असतानाही तिच्या पोटातून गेलेला एक बोगदा. अशा बोगद्याला कारण नसते. खरी रेल्वे भरावावरून आणि कटिंगमधून आलटून पालटून जाते. डोंगराच्या उतारावर एका बाजूने कातळ कापलेला आणि दुसऱ्या बाजूने दरी उघडी असे तिचे रूप असते, आणि घाटात तर गाडीपेक्षा गाडीखालची पोकळीच अधिक मनात भरते. ही पोकळी मागाहून करता येत नाही. ती हवी असेल तर फळीऐवजी मोकळी चौकट उभारावी लागते. लिन वेस्टकॉट या अमेरिकी संपादकाने १९६० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पद्धतीत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या तुळयांवर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर उभे ठोकळे बसवून फक्त रुळाखालची अरुंद फळी पाहिजे त्या उंचीवर तोलली जाते आणि बाकी सगळा भाग वरखाली जायला मोकळा राहतो. अर्थात, ठोकळा कोठे उंच आणि तुळई कोठे खाली हे ठरवायला दरी कोठे आहे ते आधी माहीत असावे लागते. भूदृश्याचा निर्णय असा करवत हातात घेण्यापूर्वी होतो. रंग आणि गवत शेवटी लागतात, एवढ्यावरून संपूर्ण भूदृश्यच शेवटचे मानणे हा गोंधळ आहे.

या छंदाचा इतिहासही यंत्रपक्षाच्या बाजूने नाही. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाचा लेआउट उभारला तेव्हा त्यातल्या काल्पनिक खोऱ्याला, गावांना आणि रस्त्यांना रेल्वेइतकेच महत्त्व दिले, आणि लघु भूदृश्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने पुढच्या पिढ्यांना दिशा दिली; तो लेआउट आज ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटेनहॅम येथील पेंडन संग्रहालयात जतन केलेला आहे. त्या संग्रहालयाचे संस्थापक रॉय इंग्लंड ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये आले. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या परिसरातील जुनी गवताच्या छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली पाहून त्यांनी तो प्रदेश प्रमाणात नोंदवून ठेवण्याचा ध्यास घेतला. तेथे घराघराचे मोजमाप, भिंतीचा दगड, परसातला भाजीचा वाफा यांना दस्तऐवजाचे मोल आले. रेल्वेच्या प्रेमातून सुरू झालेले काम प्रदेशाच्या प्रेमापर्यंत गेले आणि त्यामुळे रेल्वेचे काही कमी झाले नाही.

अमेरिकेतील जॉन अ‍ॅलन यांचे उदाहरण तर निर्णायक म्हणावे लागेल, कारण ‘भूदृश्यात रमणाऱ्यांना गाड्या चालवण्यात रस नसतो’ हा आक्षेप त्यांच्यापुढे टिकतच नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे घराच्या तळघरात त्यांनी उभारलेल्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या लेआउटवर डोंगर जमिनीपासून छताच्या दिशेने चढत गेले होते, अरुंद जागा दुप्पट भासावी म्हणून मोक्याच्या ठिकाणी आरसे बसवले होते, आणि डबे व इमारती नव्याकोऱ्या न दिसता ऊन-पावसाने विटलेल्या दिसाव्यात यासाठी त्यांनी केलेले रंगकाम पुढे सगळ्या छंदाने उचलले. हेच अ‍ॅलन वेळापत्रकानुसार आणि मालवाहतुकीच्या हुकुमांनुसार मित्रांसह गाड्या चालवण्याबाबत अत्यंत काटेकोर होते, आणि डबे कमीत कमी हालचालींत जागेवर लावण्याचे ‘टाइमसेव्हर’ हे कोडेही त्यांचेच. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागून लेआउटचा बहुतेक भाग नष्ट झाला. त्यांच्या इंजिनांपेक्षा सरस चालणारी इंजिने आज कोणत्याही दुकानात मिळतात. अभ्यासली जातात ती त्यांच्या डोंगरांची छायाचित्रे. अमेरिकेच्या राष्ट्रीय लघुरेल्वे संघटनेच्या प्रावीण्य कार्यक्रमातही भूदृश्यासाठी वीजजोडणी आणि इंजिनबांधणी यांच्या बरोबरीचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे.

यंत्रपक्षाइतकेच घातक दुसरे एक मत आहे आणि ते भूदृश्याच्या बाजूचे असल्यासारखे दिसते. भूदृश्य हवेच, पण ते तयार डब्यांतून आणि पाकिटांतून आणावे, असे ते म्हणते. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतील कंपन्यांचे गवत, झाडे, कातळाचे साचे आणि घरे उत्तम प्रतीची असतात यात शंका नाही; पण ती त्यांच्या देशांची असतात. आल्प्सच्या उतारावरची सूचिपर्णी झाडे आणि तिरके फुटलेले खडक मांडून त्यांमधून मध्य रेल्वेचे इंजिन नेले की त्या इंजिनाने आपली ओळख गमावली. येथे प्रश्न देशाभिमानाचा नाही, अचूकतेचा आहे. ज्या माणसाला इंजिनाच्या छतावरील पेंटोग्राफ चुकीच्या नमुन्याचा चालत नाही, त्याला चुकीच्या खडकाचा डोंगर कसा चालतो?

सह्याद्रीचा खडक म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा काळा कातळ. हे थर जवळजवळ आडवे आहेत. टणक थराचा उभा कडा होतो, त्याखालच्या सच्छिद्र थराची झीज होऊन उतार होतो, त्याखाली पुन्हा कडा, आणि दोन थरांमध्ये कोठे कोठे भाजलेल्या तांबड्या मातीची पट्टी दिसते. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे. आता गंमत अशी की पाश्चात्त्य पुस्तके फोमचे थर रचून डोंगर करताना ते थर दिसू नयेत म्हणून कडा घासून टाकायला बजावतात, आणि सह्याद्रीसाठी नेमके तेच थर हवे असतात. एक्सपीएस या टणक फोमची २५ मिलिमीटर जाडीची एक शीट एचओ प्रमाणात सव्वादोन मीटरच्या आसपास होते. अशा नऊ शीट एकावर एक चिकटवल्या की वीस मीटरचा कडा उभा राहतो. चिकटवलेल्या ढिगाच्या उभ्या बाजूवर पात्याने करवतीसारखे न कापता बोथट सुरीने टवके उडवावेत, मधली एक शीट दोन बोटे आत सरकवून तेथे उतार काढावा, त्या उतारावर बारीक चाळलेली तांबडी माती पातळ फेविकॉलात बसवावी आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात फिरवून करडा, काळपट आणि किंचित तपकिरी असे तीन पाणीदार रंग एकामागून एक ओघळू द्यावेत. वरच्या कडेवरून खाली येणारे काळे ओघळ पावसाळी पाण्याच्या खुणा म्हणून ठेवावेत. ते पुसण्याचा मोह टाळावा, कारण त्या ओघळांनीच कडा सह्याद्रीचा वाटतो.

हे काम महाराष्ट्राला परके नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुले दगड-विटांचा ढीग रचतात, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात, ते वाळून ताठ झाले की माती लिंपतात आणि वर अळीव किंवा मोहरी पेरतात. जाळीच्या सांगाड्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल पसरून टणक कवच करण्याची पाश्चात्त्य पद्धत तत्त्वतः हीच आहे. घरातल्या लेआउटवर ओली माती आणि उगवते अळीव अर्थातच चालणार नाहीत, कारण ओलाव्याने रूळ आणि लाकूड दोन्ही खराब होतात. पण सोंड कोठून सुटते, माची कोठे निघते, घळ कशी खाली उतरते हे ज्या हातांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्या हातांनी परदेशी पाकिटावरचे चित्र पाहून डोंगर करावा हे पटण्यासारखे नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभे केलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय हेही हेच सांगते, कारण तेथे गाड्या एका संपूर्ण शहराच्या मांडणीतून धावतात.

रंगाच्या बाबतीत लेआउटला महिना असावा लागतो. जूनअखेरचा घाट, ऑक्टोबरात पिवळा पडू लागलेला घाट आणि मार्चमधला करड्या-पिंगट गवताचा, मधेच वणव्याने काळा झालेला, पळस-पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले असलेला घाट, हे तीन वेगळे प्रदेश आहेत. पाकिटातली युरोपीय हिरवळ यांपैकी कोणत्याच महिन्यात बसत नाही. काथ्याचे आणि तागाचे बारीक कापलेले धागे सुकलेल्या गवतासाठी विकतच्या गवताहून सरस दिसतात, आणि वापरून वाळवलेली, चाळलेली चहापूड झाडांखालचा पालापाचोळा म्हणून चालते. रुळांखालची खडी तर जवळून पाहण्याची गोष्ट आहे. भारतीय रेल्वेच्या खडीतला मोठा तुकडा साधारण ६५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एचओ प्रमाणात पाऊण मिलिमीटरचा. विकत मिळणारी खडी पुष्कळदा याहून जाड आणि फिकट करडी असते, तर दख्खनमधली खडी बेसाल्टची, काळपट. बांधकामाच्या खडीची भुकटी बारीक चाळणीने चाळून, धुऊन वाळवली की रंग आणि आकार दोन्ही साधतात. मात्र बेसाल्टमध्ये लोहचुंबकीय खनिज असते आणि त्याचे कण इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटू शकतात, म्हणून भुकटी कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे आणि जे कण उचलले जातील ते टाकून द्यावेत. मग खडी रुळांमध्ये पसरून, मऊ कुंचल्याने स्लीपरवरून खाली लोटून, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेले पाणी फवारावे आणि त्यानंतर पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडावा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि डिंक खडी न हलवता आत झिरपतो.

यंत्रपक्षाचे एक म्हणणे मात्र पूर्ण मान्य केले पाहिजे. प्लास्टरची धूळ गिअरमध्ये गेली, डिंक सांध्याच्या पात्यांना लागला, किंवा बोगद्यात घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोहोचला नाही, तर सुंदर डोंगर शापच ठरतो. रूळ नीट चालतात याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्यावर खडी टाकू नये, काम चालू असताना सांधे चिकटपट्टीने झाकावेत, बोगद्यामागची बाजू मोकळी ठेवावी, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात प्लाय फुगू नये म्हणून तो सर्व बाजूंनी रंगवून बंद करावा. पण या सर्व सूचना भूदृश्य अधिक विचारपूर्वक आणि अधिक लवकर योजावे असेच सांगतात. बोगद्यात हात घालायची जागा डोंगर झाल्यावर सुचून उपयोग नसतो.

दोन खोल्यांच्या घरात घाट कसा मावणार, हा शेवटचा आक्षेप. संपूर्ण घाट मावत नाही आणि तशी गरजही नाही. चार फूट बाय दोन फूट जागेत घाटातली एक ‘कॅच सायडिंग’ मावते. उतारावर गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती बाजूच्या चढत्या रुळावर वळून आपोआप थांबावी यासाठीची ही सोय; तेथला सांधा एरवी या सायडिंगकडेच लावलेला असतो, खाली उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. एक सांधा, एक इंजिन आणि हाताशी येणारे चार डबे एवढ्यावर हे दृश्य चालते आणि प्रत्येक गाडीला थांबण्याचे खरेखुरे कारण मिळते. परंतु मुख्य रूळ खाली उतरतो आहे आणि सायडिंग वर चढते आहे हे डोळ्यांना पटायचे तर बाजूची दरी दिसलीच पाहिजे, नाहीतर दोन्ही रूळ सपाट वाटतात. तेव्हा एवढ्या लहान फळीवरसुद्धा पहिली करवत चालते ती दरीसाठीच, आणि सांध्याची जागा त्यानंतर आखली जाते.